मिटलेलं दार कुरकुरतं कशानं?

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या आसपास कुठेही गाडीचा वेग कमी करा, काचा वर घ्या, गाणी बंद करा आणि समोरचा गतिरोधक जरा तिरका घ्या. आधी पुढचं डावं चाक चढेल, मग उजवं. नेमकं त्याच वेळी तुमच्या कानापासून हातभर अंतरावर, दाराच्या चौकटीतून आवाज येईल: कुर्रर्र. सपाट रस्ता लागला की आवाज गायब. पुढचा खड्डा आला की पुन्हा कुर्रर्र.

गॅरेजमध्ये याचं निदान चटकन होतं. "दाराची बिडिंग गेली, बदलून टाका." दाराभोवतीच्या काळ्या रबराला आपल्याकडे बिडिंग म्हणतात. खर्च होतो, नवी बिडिंग बसते, आणि कधी कधी तीही महिनाभरात कुरकुरायला लागते!

आता एका साध्या प्रश्नाशी थांबू. दार तर घट्ट मिटलेलं आहे. लॅच अडकलेली आहे, बिजागऱ्या जागच्या जागी आहेत. आवाज यायचा तर काहीतरी हलायला हवं, काहीतरी घासायला हवं. मग मिटलेल्या दारात हललं काय?

दारच हललं! आणि त्याच्याभोवतीची चौकटही हलली.

मोटारीचा सांगाडा पातळ पोलादी पत्रे एकमेकांना जोडून केलेला असतो. तो मजबूत असतो, पण पुरता ताठर नसतो. एकच चाक वर उचललं गेलं की सगळा सांगाडा लांबीच्या दिशेनं किंचित पिळला जातो. चौकटीचा एक कर्ण कणभर लांबतो, दुसरा कणभर आखडतो. दार मात्र त्या चौकटीचा भाग नाही. ती स्वतंत्र, स्वतःच्या ताठरपणाची पेटी आहे. दोन बिजागऱ्या आणि एक लॅच अशा तीनच जागी धरलेली. चौकट पिळली तरी दार तितकं पिळत नाही. मग दाराची कड चौकटीवरून सरकते. किती? बऱ्याचदा मिलिमीटरभरसुद्धा नाही. पण नगरहून शिर्डीला जाईपर्यंत हे सरकणं हजारो वेळा होतं. तुम्ही दार एकदाच लावलेलं असतं, आणि ते मात्र वाटभर आपल्या चौकटीत येरझारा घालत असतं.

वाहनांना मुद्दाम असा छळ सोसायला लावणारी जागा नगरकरांच्या शेजारीच आहे. शहराजवळच्या वाहननगरमध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. रस्त्यावर येण्याआधी वाहनांना ज्या सरकारमान्य संस्थांची परीक्षा द्यावी लागते, त्यांत तिचं नाव आहे. जगभरच्या चाचणी मैदानांवर ओबडधोबड दगडी फरसबंदीचे रस्ते मुद्दाम बांधून ठेवलेले असतात. काही ठिकाणी उंचवटे असे रचतात, की एकदा डावं चाक वर जावं आणि एकदा उजवं. गाडी पीळ सोसते की नाही हे तिथं कळतं, आणि पीळ सोसताना ती काय बोलते हेही कळतं. अभियंते या आवाजांच्या दोन जाती मानतात. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की खडखड. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की कुरकुर. आपलं दार दुसऱ्या जातीतलं.

आता दाराच्या रबरापुढचं काम काय आहे ते पाहा. दार चौकटीत सरकणार, आणि तरीही आत पाण्याचा थेंब यायचा नाही, धूळ यायची नाही, वाऱ्यानं शिट्टी घालायची नाही. वेग वाढला की आणखी एक अडचण उभी राहते. बाजूनं वेगात वाहणाऱ्या हवेमुळे दाराबाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो आणि दाराची वरची कड बाहेर ओढली जाते. म्हणजे फट चक्क रुंदावते! ती रुंदावेल तसं रबरानं फुगून तिला भरायचं, आणि वेग कमी झाला की पुन्हा निमूट दबून बसायचं. एका दाराभोवती हे रबर तीन-चार मीटर लांब असतं, आणि यातल्या एका बोटभर जागेनं हयगय केली तरी पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला होतो.

हे काम करणारी वस्तू कशी आहे? दार उघडा आणि बिडिंग अंगठ्यानं दाबून बघा. ती भरीव नाही, आतून पोकळ नळी आहे. या नळीच्या भिंती स्पंजच्या आहेत, पण त्यातला प्रत्येक बुडबुडा चारही बाजूंनी बंद आहे. म्हणून भांडी घासायच्या स्पंजासारखं तिला पाणी पिता येत नाही. नळीच्या बुडाशी कडक रबराची खाच असते, खाचेच्या पोटात धातूची पट्टी किंवा तार, आणि या खाचेनं बिडिंग चौकटीची कड घट्ट चावून धरते. मऊ स्पंज, कडक रबर आणि धातू हे तिन्ही कारखान्यात एकाच साच्यातून, एकाच वेळी, अखंड लांबीत बाहेर पडतात आणि पुढच्या भट्टीत एकजीव होतात.

अजून जवळून बघा. नळीला ठरावीक अंतरावर बारीक भोकं दिसतील. ती तुटफूट नाही. दार धाडकन मिटतं तेव्हा नळीतली हवा क्षणात बाहेर पडायला हवी, नाहीतर ती हवेच्या उशीसारखी दाराला परत ढकलेल. दार उघडलं की त्याच भोकांतून हवा परत आत येते आणि नळी पुन्हा गोल होते. दर वेळी दार लावताना आणि उघडताना बिडिंग एक श्वास सोडते, एक श्वास घेते!

दाबलेलं रबर परत उसळतं हे आपण इतकं गृहीत धरलं आहे, की त्यामागची गंमत नजरेतून सुटते. स्प्रिंग उसळते, कारण तिच्यातले अणू एकमेकांपासून हटलेले असतात आणि जागेवर परत येऊ पाहतात. रबराचं कारण वेगळंच आहे. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या साखळ्या उष्णतेनं सतत वळवळत असतात. तुम्ही रबर ताणता किंवा दाबता, तेव्हा या वळवळीला मिळणाऱ्या जागा आणि आकार कमी होतात. साखळ्या नाइलाजानं शिस्तीत येतात. सोडलं की त्या पुन्हा आपल्या गोंधळात परततात. तुमच्या दाराच्या फटीवर जो दाब आहे, तो या अव्यवस्थेच्या ओढीचा दाब आहे. गोंधळ शिस्तीला रेटून पावसाचं पाणी अडवतो आहे!

पटत नसेल तर एक रुंद रबरबँड ओठांना टेकवून झटकन ताणा. तो कोमट लागेल. सैल सोडून पुन्हा ओठांना लावा, गार लागेल. १८०५ साली जॉन गॉफ या इंग्रज अभ्यासकानं हेच करून पाहिलं होतं. लहानपणी देवीच्या आजारानं त्याची दृष्टी गेली होती, आणि ओठांच्या स्पर्शानं त्यानं पदार्थविज्ञानातली एक मोठी खूण पकडली. त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली: ताणलेलं रबर तापवलं तर ते सैल पडत नाही, उलट आखडतं. गॉफची ही दुसरी नोंद लक्षात ठेवा. नवी बिडिंग बसवताना ती कामाला येणार आहे.

बिडिंगचं हे रबर मात्र झाडाचं नाही. झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचा एक छुपा वैरी आपल्या भोवतीच्या हवेतच असतो: ओझोन. जमिनीलगतच्या हवेत तो असतो तरी किती? दहा कोटी भागांत जेमतेम चार-पाच भाग. पण नैसर्गिक रबराच्या प्रत्येक साखळीच्या कण्यातच दुहेरी बंध असतात, आणि ओझोन नेमके तेच तोडतो. कणा तुटला की रबराला चिरा. जुन्या सायकलच्या टायरच्या बाजूवर जे बारीक तडे दिसतात, त्यात या ओझोनचा मोठा वाटा असतो.

मग रसायनशास्त्रज्ञांनी काय केलं? कण्यात एकही दुहेरी बंध नसलेलं रबरच घडवलं. त्याचं नाव ईपीडीएम. कार्ल झीगलर आणि ज्युलिओ नाट्टा यांनी शोधलेल्या उत्प्रेरकांमुळे असे रेणू हव्या त्या रीतीनं जोडता येऊ लागले. दोघांना १९६३ साली नोबेल मिळालं. पण गंधकानं साखळ्या एकमेकींना बांधायच्या तर दुहेरी बंध हवेतच. त्यावरची तोड पाहून थक्क व्हायला होतं: ते बंध कण्यात न ठेवता कडेला, फांदीवर टांगले. ओझोननं फांदी तोडली तरी कणा शाबूत! त्यात काजळी मिसळली, म्हणून बिडिंग काळी. ही काजळी उन्हातले अतिनील किरण स्वतः शोषून घेते. नगरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो, तरी हे रबर वर्षानुवर्षं मऊ राहतं ते यामुळे.

म्हणजे रबर हुशार, चिवट आणि सोशीक. तरी ते कुरकुरतं कशानं?

त्याच्या पकडीनं. पाणी अडवायचं तर त्याला दाराच्या रंगाला घट्ट चिकटून बसायला हवं. आणि दार सरकू लागलं की त्यानं सहज सोडायलाही हवं. घट्ट धर आणि मोकळं सोड, अशा दोन उलट आज्ञा आपण एकाच वस्तूला देतो. कुरकुर या दोन आज्ञांच्या मधोमध जन्माला येते.

गाडी पिळली, दार सरकायला निघालं, पण रबर रंगाला धरून बसलं आहे. ते सुटत नाही, वाकतं. वाकताना ओढ साठत जाते. एका क्षणी ओढ पकडीपेक्षा जास्त होते आणि रबर सुटतं. सुटल्यावर मजा बघा: सरकत्या वस्तूचं घर्षण थांबलेल्या वस्तूच्या घर्षणापेक्षा कमी असतं, म्हणून रबर नुसतं सुटत नाही, झेप घेतं. झेपेत साठलेली ओढ संपते, रबर थांबतं आणि पुन्हा रंगाला धरतं. धर-सोड, धर-सोड, सेकंदाला शेकडो वेळा. दाराचा बाहेरचा पत्रा जाडीला मिलिमीटरपेक्षाही कमी आणि पसरायला भलामोठा. तो या धडपडीनं थरथरतो, हवेला हलवतो आणि आवाज तुमच्या कानात.

याच धर-सोडीतून सारंगी गाते आणि व्हायोलिन गातं. गज तारेला धरून ओढतो, तार निसटते, गज पुन्हा धरतो. तारेची ही चाल एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं उलगडून दाखवली. आणि आपल्या देशात तिच्या मागे कोण लागलं असेल? चंद्रशेखर व्यंकट रामन! प्रकाशाविषयीच्या शोधासाठी १९३० चं नोबेल मिळण्याच्या बरंच आधी, १९१८ साली, कोलकात्यात काम करताना त्यांनी गजानं वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी व्हायोलिनवर गज ठरलेल्या वेगानं आणि ठरलेल्या दाबानं फिरवणारं यंत्रही बांधलं. वादक गजाला राळ लावतो, कारण त्याला पकड वाढवायची असते. पकड आणि सरक यांतला फरक जितका मोठा, तितकी तार जोमानं बोलते. आपल्याला दार गप्प करायचं आहे. म्हणजे आपला उपाय राळेच्या अगदी उलट दिशेला असणार, हे इथंच ठरलं.

ही धर-सोड केवढ्या मोठ्या मापावर होते ते ऐकलंत तर अंगावर काटा येईल. १९६६ साली ब्रेस आणि बायर्ली या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं, की उथळ भूकंप हीसुद्धा खडकांची धर-सोडच असावी: भेगेच्या दोन बाजू एकमेकींना धरून बसतात, ओढ साठत जाते आणि एकदम सुटते. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर भूकंपानं हादरलं. मोटारीच्या दारात मिलिमीटरच्या आत होणारी क्रिया आणि सह्याद्रीच्या पोटात किलोमीटरांवर होणारी क्रिया यांचं गणित एकाच घराण्यातलं आहे.

रबराच्या सरकण्यात आणखी एक चमत्कार दडलेला आहे. १९७१ साली अडॉल्फ शालामाख या संशोधकानं कडक, पारदर्शक पृष्ठभागावर मऊ रबर हळूहळू सरकवलं आणि ते टेकतं ती जागा निरखून पाहिली. रबर सरकतच नव्हतं! त्याच्या तळाशी बारीक घड्या उठत होत्या आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत होत्या. घडी पुढे गेली की तेवढं रबर पृष्ठभागावरून उचललं जाऊन थोडं पुढे टेकत होतं. लग्नाच्या मांडवातली लांबरुंद सतरंजी सरकवायची असेल तर जाणता माणूस ती एका टोकाला धरून ओढत बसत नाही. कडेला एक सुरकुती उठवतो आणि ती पायानं दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेतो. सतरंजी तेवढी पुढे गेलेली असते. गुळगुळीत पृष्ठभागावर मऊ रबर हीच युक्ती कोणी न शिकवता वापरतं. पृष्ठभाग जितका स्वच्छ आणि चकचकीत, रबर जितकं मऊ, तितकी ही चिकट पकड पक्की. म्हणून तर नवीकोरी बिडिंग आणि नुकतीच पॉलिश केलेली गाडी यांची जोडीसुद्धा कुरकुरू शकते!

कारखान्यांना हे ठाऊक असतं. म्हणून बिडिंगवर केसाच्या जाडीहूनही पातळ असा निसरडा लेप दिलेला असतो. काच वर-खाली होते त्या खाचेत तर लेपाऐवजी मखमल असते. ती विणलेली नसते, पेरलेली असते. खाचेला गोंद लावायचा आणि जोरदार विद्युतक्षेत्रातून बारीक धाग्यांचे तुकडे तिच्यावर सोडायचे. विजेच्या ओढीनं प्रत्येक तुकडा ताठ उभा राहून गोंदात रुततो. तुमची काच रोज लाखो उभ्या धाग्यांच्या टोकांवरून आवाज न करता ये-जा करते.

सगळं रहस्य बिडिंगवरच्या त्या पातळ थरात आहे, आणि नगर जिल्हा नेमका त्याच थराच्या मुळावर उठतो. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेड पर्जन्यछायेत ढगांची वाट पाहतात. एकाच जिल्ह्यात फिरणारी गाडी एका दिवसात कोरडी धूळ आणि ओलं धुकं दोन्ही अंगावर घेऊन येते. थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो. गार पडलेलं रबर थोडं ताठरतं आणि सकाळी सकाळी आवाज वाढतो. त्याच दिवसांत ऊस कारखान्यांकडे निघतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि शिवाररस्त्यांची धूळ उठते. ती बिडिंगच्या पापुद्र्याखाली जाऊन बसते आणि दाराच्या प्रत्येक येरझारीत तो लेप खरवडते.

ओलावा काय करतो? भर पावसात बिडिंग बऱ्याचदा गप्प असते. पाण्याचा थर रबर आणि रंग यांना वेगळं ठेवतो. पाऊस थांबला, थर सुकत आला, की उरलेले इवलेसे थेंब रबराला रंगाकडे ओढून धरतात आणि कुरकुर वाढते. वायपरचं असंच होतं: ओल्या काचेवर निमूट, अर्धवट सुकलेल्या काचेवर थडथडाट. गाडी धुतल्यावर तासाभरानं आवाज का आला, याचं उत्तर हे.

आता उपाय, आणि उपायाआधी शोध. कारण कुरकुरणारे संशयित अनेक असतात: बिडिंग, लॅच, लॅच ज्या लोखंडी कडीत अडकते तो स्ट्रायकर, बिजागरी, आतलं प्लॅस्टिक. शोधाची उत्तम युक्ती म्हणजे रंगकामातली कागदी चिकटपट्टी. बिडिंग चौकटीवर असेल तर ती दाराच्या ज्या रंगीत भागाला टेकते, त्या भागावर पट्टी चिकटवा. तोच रस्ता, तोच गतिरोधक, तोच वेग. आवाज थांबला? गुन्हेगार सापडला! पकडीचा पृष्ठभाग बदलला आणि धर-सोड मोडली. नाही थांबला, तर पट्टी काढून स्ट्रायकरला गुंडाळा आणि पुन्हा फेरी मारा. एका वेळी एकच जागा, हा नियम पाळा.

दुसरी कसोटी दाबाची. कागदाची लांब पट्टी चौकटीवर धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारख्या ओढीनं यायला हवी. एका जागी अलगद निसटली तर तिथं रबर चपटं झालं आहे. एका जागी फाटेपर्यंत अडली तर तिथं दार जास्त दाबतं आहे, आणि औषध रबराला नव्हे, स्ट्रायकरला किंवा बिजागरीला हवं. फिटर स्ट्रायकरचे बोल्ट सैल करून तो कणभर सरकवतो आणि पुन्हा कसतो. बिडिंगला हात न लावता आवाज जातो.

बिडिंगच दोषी ठरली तर पहिलं औषध पाणी. सौम्य शाम्पूच्या पाण्यात मऊ फडकं भिजवून, पापुद्रे उलगडून, कोपऱ्यांसकट पुसा. फडक्यावर येणारी काळपट-तांबूस माती बघितलीत की रबर एवढे दिवस काय सोसत होतं ते कळेल. रबर जिथं टेकतं तो रंगही तितक्याच निगुतीनं पुसा; घर्षण दोघांचं असतं, एकट्या रबराचं नाही. मग सावलीत दारं उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या. पुष्कळ गाड्या इथंच गप्प होतात.

मग दुसरं औषध: सिलिकॉन ग्रीस. वाटाण्याएवढं घ्या आणि स्पंजच्या तुकड्यानं सगळ्या लांबीवर चोळा. थोड्या वेळानं जादाचं पुसून घ्या. डोळ्यांना दिसणारा थर जास्तच झाला. बोटाला जेमतेम जाणवेल इतका पुरे. जास्त लावलं तर धूळ चिकटते आणि आपण पुन्हा मूळ पदावर. स्प्रे असेल तर तो फडक्यावर मारून मग लावा. थेट मारलात तर काचेवर धुरकट डाग पडतात आणि ब्रेकच्या पेडलवर उडाला तर पाय घसरेल. पुढे त्या दाराचं डेंटिंग-पेंटिंग निघालं तर पेंटरला आवर्जून सांगा, कारण सिलिकॉनचा अंशही राहिला तर नवा रंग तिथं खळगे धरतो. आणि काचेच्या मखमली खाचेत ग्रीस अजिबात नको. तिथं स्वच्छता हेच औषध.

इंजिन ऑइल, साधं ग्रीस, पेट्रोलियम जेली, डिझेलचा फडका? यातलं काहीही नको. ईपीडीएम आणि खनिज तेल ही दोन्ही हायड्रोकार्बनांची लेकरं. तेल त्या रेणूंच्या गुंत्यात सहज शिरतं, साखळ्यांना दूर सारतं, आणि रबर फुगून मऊ, लिबलिबीत होतं. पहिले आठ दिवस आवाज जातो म्हणून आपण खूश होतो, आणि तेवढ्यात बिडिंग कामातून जात असते. याच ईपीडीएमची सीलं कित्येक गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतात. ब्रेक ऑइल नावाचा द्रव खनिज तेल नसतो, ग्लायकोल जातीचा असतो, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकतात. त्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं तर ती फुगतात आणि ब्रेक धोक्यात येतात. सिलिकॉनची साखळी मात्र सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंची, हायड्रोकार्बनांशी फारशी न मिसळणारी. म्हणून ती रबराच्या पोटात न शिरता अंगावर राहते.

बिडिंग बदलायची कधी? फाटली, कडक होऊन तडकली, किंवा कायमची चपटी झाली आणि पाणी-वारा आत येऊ लागला, तर. बदलताना गॉफची दुसरी नोंद आठवा. लांबी कमी पडते म्हणून बिडिंग ताणून बसवू नका. ताणलेलं रबर उन्हात तापून आखडायला बघतं, आणि काही दिवसांनी जोडावर फट उघडी पडते. ती सैलसरच ठेवायची, कोपरे आधी बसवायचे आणि जोड खालच्या बाजूला येऊ द्यायचा.

कुरकुर येऊच नये म्हणून फार काही लागत नाही. गाडी धुतल्यावर चारही दारं उघडून बिडिंग पुसायची. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती मातीनं बुजली नाहीत ना ते प्लॅस्टिकच्या काडीनं बघायचं. शक्य तेव्हा सावली. दार आदळायचं नाही, उतरताना त्यावर भार टाकायचा नाही. बिजागरी झिजली की दार खाली बसतं आणि बिडिंग एका अंगाला चिरडते. सिलिकॉनचा हात वर्षातून दोनदा पुरतो: पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऊसतोडणी सुरू होण्याआधी.

दार आणि चौकट यांच्यातली ही फट जपणं किती मोलाचं असू शकतं? त्याच वाहननगरच्या संस्थेनं लष्करासाठी आण्विक, जैविक आणि रासायनिक अस्त्रांची बाधा झालेल्या प्रदेशात शिरून पाहणी करणारं वाहन विकसित केलं आहे. अशा वाहनांत आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे कुठे बारीक फट राहिलीच तर हवा बाहेर जाईल, विष आत येणार नाही. पण तो दाब टिकवायला झडपांची आणि दारांची सीलं धड असावी लागतात. तिथं सैनिकाचा जीव वाचतो, तुमच्या गाडीत मुलांची झोप मोडत नाही. दोन्हीकडे तत्त्व एकच.

इंजिनाचा आवाज नसलेल्या विजेच्या गाड्या आता गावोगावी दिसू लागल्या आहेत. इंजिनाच्या घरघरीत जी कुरकुर पूर्वी बुडून जायची, ती त्यांच्यात स्पष्ट ऐकू येणार. म्हणून येत्या रविवारी नवी बिडिंग आणायला निघण्याआधी चिकटपट्टीचं एक भेंडोळं आणि वाटाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस हाताशी घ्या. बिडिंगच दोषी निघाली, तर बहुतेक वेळा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा पातळ थर तुमचं काम करून जाईल. तेवढ्या थरानं रबराला फटही घट्ट धरता येते आणि दारालाही मोकळं सरकू देता येतं.